जालन्याच्या जिनिंगचं दुखणं

मनमाड ओलांडल्यावर

जालन्याला हवापालट करायला कोणी जात नाही. मीही त्यासाठी गेलो नव्हतो. मी गेलो होतो एक आजारी कारखाना बरा करायला. हे वाक्य जाताना गाडीत भेटेल त्याला ऐकवलं. येताना एकदाही ऐकवलं नाही.

त्याचं असं झालं, की आमच्या कॉमर्स कॉलेजात परदेशी शिकून आलेले एक प्राध्यापक आहेत. ते डबघाईला आलेल्या कंपन्यांच्या हकिगती छापून आमच्या हातात देतात. कुठे साबणाचा कारखाना असतो, साबण उत्तम पण खपत नाही. कुठे बिस्किटांची कंपनी, दोन भागीदार आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. हकिगत वाचायची, रोग ओळखायचा आणि आपण मालक असतो तर काय केलं असतं ते सांगायचं. याला ते 'केस' म्हणतात. केस सोडवण्यात वर्गात माझा हात कोणी धरत नसे. गिरगावातल्या खोलीत बसून, चणे खात खात, मी परदेशातले कितीतरी कारखाने वर काढले होते. त्या कारखान्यांना याचा पत्ता नव्हता, एवढंच.

ही कीर्ती आईनं आपल्या भावाला कळवली. माझे हे गणपतमामा मूळ पिंपळगाव रेणुकाईचे, मोठ्या शेतीचे धनी. पण मनात यंत्राची हौस भारी, म्हणून जालन्याला येऊन त्यांनी जिनिंग काढली, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. पहिल्यांदा बरा चालला. मग काय झालं कोण जाणे, कापसाच्या गाड्या त्यांच्याकडे येईनाशा झाल्या. भाव चांगला, वजन चोख, यंत्रं नवी, आणि गाड्या मात्र पलीकडच्या रतनशेठच्या जिनिंगला. संक्रांतीपर्यंत हे असंच राहिलं तर कारखाना रतनशेठलाच मक्त्यानं देऊन मामा गावी परतणार होते. त्यांच्याबरोबर गावाहून कामाला आलेली कितीतरी माणसं होती, त्यांचं काय होणार हे कोणी बोलत नव्हतं. मामांनी आईला एवढंच कळवलं, "भाच्याला जल्दी पाठव."

मनमाडला मोठी गाडी सोडून निजामाच्या राज्यातली छोटी गाडी धरली. हद्द ओलांडली की करोडगिरीवाले, म्हणजे तिथले जकातीचे लोक, सामान तपासतात. माझ्या ट्रंकेत धोतरं कमी आणि छापील केसेस जास्त. मुंबईहून येणाऱ्या छापील कागदांकडे त्या राज्यात कोणत्या नजरेनं बघतात हे डब्यातल्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. मिशीवाल्या अंमलदारानं गठ्ठा उचलला तसा मी उठून उभा राहिलो.

"ये क्या है?"

"केसेस."

"कौनसे केसेस? अदालत के?"

"नहीं, नहीं," मी माझ्या गिरगावी हिंदुस्तानीत म्हणालो, "बीमार कंपनी के."

त्यानं 'बीमार' एवढंच ऐकलं. चेहरा एकदम निवळला. "अच्छा, तो डाक्टर साहब हैं आप!" असं म्हणून त्यानं गठ्ठा परत ठेवला आणि जीभ बाहेर काढून माझ्यापुढे उभा राहिला. मी ती नीट पाहिली आणि मिरची कमी करायला सांगितलं. त्यानं मला सलाम केला. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी हे सगळं भक्तिभावानं पाहिलं, आणि नेमके ते जालन्याचेच निघाले.

मस्तगड

स्टेशनातून टांग्यानं मस्तगडला मामांच्या घरी पोचेपर्यंत टांगेवाल्यानं आपल्या गुडघ्याची कहाणी सांगितली. घराच्या ओसरीवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीला दमा होता, दुसरीला सून.

"मुंबईचा डॉक्टर आलाय म्हणं," पहिली म्हणाली.

"मी त्या प्रकारचा डॉक्टर नाही, आजी. मी कारखान्याचा."

"मंग काय झालं? कारखान्यात काय मान्सं न्हाईत?"

आमच्या गिरगावात शेजारच्या खोलीत कोणी आजारी पडलं तर आपण दार लोटून घेतो, उगीच औषध आणायला पाठवतील म्हणून. इथे दुखणं ही वाटून घ्यायची गोष्ट. तासाभरात आळीतल्या सगळ्यांची पोटं, पाठी आणि सुना मला पाठ झाल्या. शेवटी मामींनी म्हाताऱ्यांना उठवलं आणि मला पाटावर बसवलं. मामी ठेंगण्या, बोलायला बेताच्या, आणि डोळ्यांत सारखं काहीतरी हसू दाबलेलं. त्यांनी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. त्याची आमटी पहिल्या घोटाला पाहुण्यासारखी वागते आणि दुसऱ्या घोटाला घरच्यासारखी, म्हणजे कानातून धूर काढते.

"मामी, गाड्या का येत नाहीत? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतं रे यंत्रातलं," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसू आलं म्हणून गेल्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी कारखाना दाखवला. मामा सहा फुटी, डोक्याला केशरी फेटा, आवाज असा की शेजारच्या खोलीतलं माणूस उठून उभं राहावं. सरकी काढायची यंत्रं, इंजिन, काटा, सगळं लख्ख. पण त्यांना खरं दाखवायचं होतं ते छपरावर. तिथे वाफेवर वाजणारा पितळी भोंगा बसवलेला होता आणि त्याला झेंडूची माळ होती.

"कलकत्त्याहून आणलाय. अख्ख्या जालन्यात असा न्हाई. करीमभाई, पाव्हण्यासाठी द्या एक!"

इंजिनवाल्या करीमभाईंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि साखळी ओढली. मला वाटलं, आभाळ फाटलं. समोरच्या पिंपळावरची पाखरं उडाली ती बहुधा अजून उतरली नसतील. आवाज थांबल्यावरही माझे दात थोडा वेळ वाजत होते.

"निस्ता वेळेवर न्हाई वाजवत आपण," मामा अभिमानानं म्हणाले. "सडकेवर कापसाची गाडी दिसली की भोंगा देयाचा, ही माझी सक्त ताकीद हाये. गिऱ्हाइकाचं स्वागत व्हायला पायजे!"

आमचे प्राध्यापक ग्राहकाच्या सन्मानाबद्दल फार बोलतात. मी मनातल्या मनात मामांना पैकीच्या पैकी गुण दिले आणि दुखणं दुसरीकडे शोधायला लागलो.

त्याच दिवशी मी फाटकापाशी उभा राहून सडक न्याहाळली. भोकरदनकडून गाड्या येत, लांबवरच्या एका बाभळीपाशी थबकत, आणि सडक सोडून पडीक रानात शिरत. रानातून वळसा घालत त्या थेट रतनशेठच्या मागच्या फाटकात निघत. इतक्या गाड्या त्या वाटेनं गेल्या होत्या, की रानात चांगली चाकोरी पडली होती. मी ओळखलं, की बाभळीखाली रतनशेठचा माणूस बसून गाड्या वळवतोय. तडक जाऊन पाहिलं. बाभळीखाली कोणी नव्हतं. शेण मात्र भरपूर होतं आणि त्यात माझा एक नवा बूट गेला.

जाफराबाद

रोग्याला विचारून भागत नसेल तर रोग्याला सोडून गेलेल्यांना विचारावं, म्हणून दमणीत बसून मी उत्तरेला निघालो. दमणी म्हणजे बैलांची हलकी गाडी. तिला धक्का सोसायची सोय नसते, ती प्रवाशानं आपल्या अंगात करून ठेवायची असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळं रान, वेचणी चाललेली, आणि बायकांच्या ओट्या कापसानं इतक्या फुगलेल्या की शेतातून ढगच चालताहेत असं वाटावं.

जाफराबादेत पारावर शेतकरी जमवले. चहा आला. मुंबईत इराण्याकडे चहाबरोबर गप्प बसायची मुभा मिळते. इथे कप हातात घेतला की आपली वंशावळ सांगावी लागते. ती झाल्यावर मी मुद्द्यावर आलो.

"गणपतरावांची जिनिंग कशी वाटते तुम्हाला?"

"एक नंबर," एक जण म्हणाला.

"बिलकुल," दुसरा म्हणाला.

"वजनात काही?"

"काटा बराबर. मानूसबी देवमानूस."

"मग कापूस तिकडे का नाही नेत?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "नेऊ की," पहिला म्हणाला. "मागल्या साली नेतच व्हतो, पर मंग राह्यलं."

"का राहिलं?"

"आता कसं सांगावं डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, आणि त्यानं सदरा वर करून मला पाठीवरचं गळू दाखवलं. त्यानंतर कापसाचा विषय निघालाच नाही. मी तिथून निघालो तेव्हा माझ्याजवळ कारखान्याबद्दल शून्य माहिती होती आणि लोकांनी प्रेमानं दिलेली एक काशीफळाची, म्हणजे तांबड्या भोपळ्यांची, पोतडी.

दमणीत मी उपाय जुळवले. गावोगावी जाहिरातीच्या पाट्या लावाव्यात. पारावर वाचता येणारे कितीजण होते ते आठवलं आणि पाट्या रद्द केल्या. दलाल नेमावेत. पण मामांबद्दल यापेक्षा चांगलं दलाल तरी काय बोलणार? परदेशातला साबण याहून फार सोपा होता.

पिंपळगाव रेणुकाई

हे माझ्या आईचं माहेर. रेणुकेच्या देवळात आईनं सांगितलेली ओटी भरली. बाहेर आलो तर आईच्या लहानपणी तिच्याबरोबर आंबे पाडणारे किसनआबा हजर. वाळक्या अंगाचे, पण डोक्यावरचं मुंडासं चाकाएवढं. त्यांनी मला हाताला धरून शेतात नेलं आणि हुरड्याला बसवलं. आबा गोवऱ्यांच्या आरात भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं हातावर चोळून गरम दाणे समोर टाकत होते. जोडीला लसणाची चटणी आणि दही. मुंबईत याला काय पर्याय आहे म्हणून मी खूप विचार केला. नाही.

पोट भरल्यावर मी डाव टाकला. "आबा, तुमचा कापूस घेऊन माझ्याबरोबर मामांच्या जिनिंगला चला. आईचा शब्द समजा."

किसनआबांचा हात कणसावर थांबला. "तिथं?"

"तिथं."

"रतनशेठकडं न्हाई?"

"नाही."

त्यांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. मग एखादा माणूस लढाईवर निघताना म्हणेल तसं म्हणाले, "तुझ्या आईनं मला लई आंबे दिलेत. चल."

जालन्याच्या अलीकडे ती बाभूळ आली तशी आबांनी गाडी थांबवली. खाली उतरले, भारातून चिमूट चिमूट कापूस काढला आणि बैलांच्या कानांत ठासायला लागले.

"हे काय?"

"थंडी हाये," आबा म्हणाले. ऊन मी म्हणत होतं.

मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी रीत असेल. परक्यांच्या रीतीला हसू नये, म्हणून मी गंभीरपणे मान डोलावली. वर घाईही केली, "आबा, जल्दी करा." त्यामुळे डावीकडच्या बैलाचा एक कान अर्धाच भरला गेला. गाडी सडकेवर पुढे सरकली, बैलानं मान झटकली, कापसाचा बोळा खाली पडला, आणि त्याच घटकेला मामांनी आमचं स्वागत केलं.

पुढचं सांगणं अवघड आहे. डावा बैल उधळला. उजवा ठार बहिरा, तो शांतपणे चालत राहिला. त्यामुळे गाडी पुढे जाण्याऐवजी स्वतःभोवती गरगरा फिरायला लागली. एका फेरीला मामांचं फाटक दिसलं, पुढच्या फेरीला रतनशेठचं धुराडं, त्याच्या पुढच्या फेरीला आभाळ, आणि मग मी बाभळीच्या काट्यांत होतो.

"म्हून थांबलोतो," आबा वरून म्हणाले.

काट्यांत बसून माणूस स्वच्छ विचार करतो. प्राध्यापकांनी घोकून घेतलेला पहिला प्रश्न मला तिथे आठवला: दुखणं केव्हापासून, आणि त्या वेळी घरात नवीन काय आलं? हा प्रश्न मी कोणाला विचारलाच नव्हता.

"आबा, भोंगा केव्हा बसवला?"

"मागल्या दसऱ्याला. नारळ फोडला, पेढे वाटले. आमीबी खाल्ले." मग कासरा गुंडाळत म्हणाले, "पेढे खाल्ल्यावर कसं सांगावं?"

पुन्हा मस्तगड

मामींनी सुईनं काटे काढायला घेतले आणि मी मामांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकतील असं मला वाटलं होतं, कारण परदेशी कंपन्यांचे मालक केसच्या शेवटी शांतपणे ऐकतात.

"भोंगा?" मामा गरजले. "माझा भोंगा? किसनला बैलं हाकता येईनात आन् खोट माझ्या भोंग्यात?"

"तुम्ही स्वतः गाडीत बसून पाहा," मी म्हणालो. तशी मामींची आणि माझी नजरानजर झाली, आणि मामा फेटा सावरत उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनआबांच्याच गाडीत, कापसाच्या भारावर मामा बसले. कासरा स्वतःच्या हातात. बैलांच्या कानांत काही नाही. बाभळीपाशी पोचल्यावर त्यांनी उपरणं हलवून करीमभाईंना खूण केली. फाटकापाशी सगळा कारखाना काम टाकून उभा होता. करीमभाई वर बघून काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी साखळी ओढली.

या खेपेला दोन्ही बैल एकमतानं उधळले. मामा कासरा ओढत होते आणि ओरडत होते, पण त्यांच्या आवाजानं भोंग्याला मदतच होत होती. गाडी सडक सोडून पडीक रानात शिरली. बैलांना चाकोरी तोंडपाठ. कापूस उधळत, फेटा सोडत, मामा वळशानं गेले आणि रतनशेठच्या मागच्या फाटकातून आत शिरून नेमके काट्यासमोर जाऊन उभे राहिले.

मी धावत पोचलो तेव्हा रतनशेठ हात जोडून पुढे येत होते. भोंगा बसल्यापासून दोघांचा रामराम बंद होता. रतनशेठनं वर बघितलं. केशरी फेट्याचं टोक चाकात अडकलेलं, मिशांना कापूस चिकटलेला.

"या, गणपतराव, या," ते अतिशय आदरानं म्हणाले. "आधी चहा घेता, का आधी माल उतरवू?"

मला वाटलं, आता मारामारी. मामांनी अंगावरचा कापूस झटकला, अंगणाकडे नजर टाकली. कडुनिंबाच्या सावलीत शेतकरी पाय पसरून बसले होते, बैल कडबा खात होते, आणि सगळे हसू दाबून मेल्यासारखे झाले होते. मामांच्या मिशा थरथरल्या. मग त्या फेटाविरहित डोक्यातून असं काही हसू फुटलं की बैल पुन्हा बुजले.

"चहा," मामा म्हणाले. "आन् मक्त्याचं विसरा, शेठ."

घरी आल्यावर मात्र हसू ओसरलं. त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"करीमभाई, तुमाला माहीत व्हतं?"

"मालिक, पहिले दिन से."

"मंग बोलले का न्हाई?"

"आपने उसको हार डाला था," करीमभाई खाली बघत म्हणाले. "मैं क्या बोलता?"

दिवाणजींना माहीत होतं. काटेवाल्याला माहीत होतं. दमा असलेल्या आजींनाही माहीत होतं. मामांनी शेवटी मामींकडे पाहिलं.

"मी सांगितलं व्हतं," मामी म्हणाल्या. "तुमी म्हनले, तुला काय कळतं यंत्रातलं."

मामांनी मान खाली घातली. त्यांची मान खाली बघायची कोणाला सवय नव्हती, सगळे घाबरले. मग त्यांनी जाहीर केलं, "उद्यापासून ज्याच्या मनात जे असंल ते त्यानं मला तोंडावर सांगायचं. मी रागावणार न्हाई."

मी भारावलो. प्राध्यापक म्हणतात, मालकाच्या कानावर खरं पडत नाही तो कारखाना आंधळा. पण प्राध्यापकांनी हे मस्तगडला करून पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत रांग लागली. दिवाणजी म्हणाले, मालकांच्या खोकल्यानं हिशेब चुकतो. काटेवाला म्हणाला, केशरी रंग मालकांना शोभत नाही. किसनआबांनी एका जुन्या म्हशीच्या व्यवहाराचं सविस्तर सांगितलं. आजी म्हणाल्या, तू लहानपणी बरा होतास. मामा लोडाला टेकून ऐकत होते. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग अगदी बाळासारखा. पण शब्दाला पक्के, एकदाही आवाज चढवला नाही. दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेल्यावर रांग संपली.

त्यांनी दारात उभ्या असलेल्या मामींकडे मान वळवली. "तुझं काय हाये, तेबी सांगून टाक एकदाचं."

"माझं एका दिवसात व्हायचं न्हाई," मामी शांतपणे म्हणाल्या. "मी हप्त्यानं सांगीन. आधी जेवून घ्या."

मुंबई

परत आल्यावर प्राध्यापकांनी नावं बदलून ही केस वर्गाला दिली. एकानं भाव वाढवायला सांगितला, एकानं पाट्या लावायला, एकानं रतनशेठशी भागीदारी करायला. बैलांचं नाव कोणी काढलं नाही. मीही सांगून टाकलं नाही. उत्तर वाचता येतं, काटे मात्र ज्याचे त्यानं सोसायचे असतात.

परवा एका लग्नाला मामी मुंबईला आल्या होत्या. भोंगा उतरवला, म्हणाल्या. गावाकडच्या गाड्या पुन्हा येऊन राह्यल्यात. सगळ्या नाही, काहींना रतनशेठच्या कडुनिंबाची सावली आवडली, त्या तिकडेच राहिल्या. म्हणून मामांनी आपल्याही आवारात झाडं लावलीत. कामाची माणसं सगळी जागेवर आहेत, आणि मामा दर शनिवारी रतनशेठकडे चहाला जातात, पायी.

"आणि मामी, तुमचे हप्ते? संपले का सांगून?"

मामींनी पदर तोंडाला लावला, पण या वेळी हसू दाबलं नाही.

"कुठलं रे," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं आमच्या लग्नाच्या मांडवातून भाइर आलेय."